वरुणतीर्थावरची मॅच

आमच्या कोल्हापुरात ‘मी फुटबॉल खेळत नाही’ म्हणणं हे ‘मी मटण खात नाही’ म्हणण्यासारखंच आहे. समोरचा माणूस आधी तब्येतीची चौकशी करतो, मग घरात कुणी माळकरी आहे का ते विचारतो.

इथला फुटबॉल तालमींच्या पोटातून आला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून परगावच्या पाहुण्याला वाटतं की आता लंगोट कसलेले पैलवान बाहेर येतील, आणि बाहेर येतात ती स्टड घातलेली पोरं. शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच असली की पेठेतल्या पेठेत बोलणी बंद होतात. इथला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आमची लीग त्या रांगेतली नव्हे. ती चाळिशीपुढच्यांची. वयाच्या दाखल्याला आधार कार्ड मागतात, पण शर्ट खोचायला सांगितला तरी काम भागेल.

त्या दिवशी मॅच साडेपाचला, गांधी मैदानावर. मे महिन्यातला वळीव दुपारभर उकडून उकडून चारला कोसळला. गाराही पडल्या. आता हे मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. तळं बुजवलं, मैदान झालं, नाव बदललं. पण नाव बदलून काय होतं? सातबाऱ्यावर कुणीही लागो, पाण्याची वहिवाट जुनी आहे. जरा मोठी सर आली की ते हक्कानं येऊन बसतं. खिडकीतून पाऊस बघत मी समाधानानं दुसरा चहा मागवला, तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन.

‘‘कुठं हाईस?’’

‘‘अण्णा, मैदान बुडालं असंल की.’’

‘‘बुडालं न्हाई, वलं झालंय. ये.’’

जाऊन बघतो तर एका गोलपोस्टापुढं आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं. आमचे अण्णा जर्मनीचे कट्टर भक्त. त्यांनी रेफरींना गाठून दाखला दिला, की 1974 च्या वर्ल्ड कपला फ्रँकफुर्टात असाच पाऊस झाला, अग्निशमन दलानं पाणी उपसलं, जर्मनी-पोलंड मॅच झाली आणि म्यूलरनं गोल मारून जर्मनी जिंकली. रेफरी म्हणाले, बंब कुठं आहे? बंब नव्हता. दोन बादल्या, चार पोती आणि वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा होता. भुसा टाकल्यावर पाणी दिसेनासं झालं. गेलं नाही, फक्त दिसेनासं झालं.

रेफरींनी टप्पा बघायला चेंडू उंचावरून सोडला. चेंडू जिथं पडला तिथंच बसला.

‘‘बघा की, किती स्थिर मैदान हाय,’’ अण्णा म्हणाले.

शेवटची आशा समोरच्या संघावर होती. नियमाप्रमाणं सातापेक्षा कमी गडी असले तर मॅच सुरूच होत नाही. ते आठ आले. आठवा लग्नाच्या पंगतीतून थेट आला होता, कपाळावर अक्षता चिकटलेल्या.

पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही संघांचा रंग एक झाला. तांबडी जर्सी, निळी जर्सी हा भेद फक्त आरंभीचा. मग आवाजावर खेळ सुरू झाला. ‘‘आपलाच हाय, दे!’’ असं कुणीही ओरडायचं आणि कुणीही द्यायचं. त्यांच्या कॅप्टननं मला दोन सुरेख पास दिले. मी आभार मानले तेव्हा कुठं त्यानं आवाज ओळखला.

चेंडू सुरुवातीला 410 ते 450 ग्रॅम भरावा असा नियम आहे. शेवटी किती भरावा याबद्दल नियमपुस्तक गप्प आहे, आणि ते लिहिणाऱ्यानं शहाणपणाच केला. आमच्या सेंटर फॉरवर्डनं तो एकदा डोक्यावर घेतला. त्यानंतर बराच वेळ तो सगळ्यांना ‘साहेब’ म्हणत होता.

आमच्या लेफ्ट बॅकचा बूट चिखलानं ठेवून घेतला. गडी मोज्यावर पुढं गेला, आणि मागं दोघंजण त्या बुटावरून इरेला पडले. कडेच्या गर्दीतून एक आप्पा गरजले, ‘‘दुसरा बी काढ की लगा! 1911 ला मोहन बागाननं अनवाणी गोऱ्यांची पलटण हरवली!’’ बॅक म्हणाला, ‘‘आप्पा, तिथं काचा नव्हत्या.’’

खरं सांगू का, चिखल परवडला. ही कडेची माणसं परवडत नाहीत. पेठेत सगळ्यांना सगळं माहीत. तुमचं कर्ज किती थकलंय, शुगर किती आहे, सगळं. मी थ्रो टाकायला चेंडू उचलला, तर मागून, ‘‘गॅसची टाकी उचलाय बायकूला सांगतंय, ह्यो काय टाकणार!’’ वळून बघितलं. सख्खा मेहुणा. आणि तो समोरच्या संघाच्या बाजूला उभा राहून शेंगा खात होता.

गोल व्हायचा तो शेवटाला झाला. चेंडू त्यांच्या गोलासमोरच्या डबक्यात येऊन थांबला, रेषेपासून हातभर अंतरावर. कीपरनं झेप घेतली, चेंडूवरून घसरला आणि पोस्टाच्या पलीकडं जाऊन थांबला. गोल मोकळा. आमच्या फॉरवर्डनं जीव खाऊन लाथ मारली. पाणी गोलात गेलं, चेंडू जागेवर. पुन्हा मारली. भुसा गेला. मग मिळेल त्यानं उडी घेतली, आणि तिथं आठ-दहा जणांचा ढीग झाला. कुस्तीचे आखाडे ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळतात म्हणे. आमचा नुसत्या शिव्यांनी मळून झाला. तालमीच्या नावाला आयुष्यात प्रथमच जागलो.

ढीग मोकळा झाला तेव्हा चेंडू रेषेच्या आत होता. रेफरींनी शिट्टी फुंकली, शिट्टीतून आधी पाणी आलं, मग आवाज.

‘‘कुणी मारला?’’ त्यांनी विचारलं.

खालून एकच हात वर आला. रेफरींनी तो धरून ओढला, तोंड पुसलं, तर आत त्यांचाच राइट बॅक. लग्नातला. अक्षतांवरून ओळख पटली. स्वयंगोल दिला, मॅच आम्ही 1–0 जिंकली.

त्यांनी लगेच लेखी हरकत घेतली. म्हणणं असं, की हात गोलासाठी वर केला नव्हता, उठवा म्हणून केला होता. रविवारी मिसळीवर सुनावणी आहे. बिल कुणाचं, यावर दुसरी हरकत यायची शक्यता आहे.

जर्स्या मात्र दोन्ही संघांच्या एकाच पोत्यात परटाकडं गेल्या. त्यानं पोतं उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बांधलं. ‘‘कुठली कुणाची ते धुतल्यावर कळंल,’’ म्हणाला. ‘‘पैसे कोण देणार ते आत्ता सांगा. धुतल्यावर कुणी वळख दाखवत न्हाई.’’