तळाचा ठसा पाहून फुलदाणी ओळखता येत नाही

जुन्या अमेरिकन फुलदाण्या घेणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: “उलटी करून पाहा. तळाला नाव असेल तर अस्सल, नसेल तर नकली. वर बारीक तड्यांचं जाळं असेल तर जुनी, हे नक्की.” या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यांच्यापायी लोक खोटी वस्तू घेतात आणि खरी सोडून देतात.

“नाव असेल तर अस्सल.” ओहायोतल्या झेन्सव्हिलची रोझव्हिल पॉटरी ही फुलदाण्या बनवणारी कंपनी 1954 मध्ये बंद पडली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या चिनी नकला बाजारात आल्या, त्याही तळाला उठावात ‘रोझव्हिल’ असं नाव घेऊन. अस्सल मालावर उठावातल्या नावासोबत ‘यू.एस.ए.’ असतं, सुरुवातीच्या नकलांवर ते नव्हतं. पण यावरही विसंबू नका. 1930 च्या दशकातल्या काही अस्सल फुलदाण्यांवर नाव खोलगट उमटवलेलं आहे आणि तिथे ‘यू.एस.ए.’ नाही, उलट नंतरच्या काही नकलांवर ते आहे. त्यापेक्षा फूटपट्टी लावा. ठशात मधे आडवी रेघ घालून लिहिलेल्या जोडआकड्याचा दुसरा भाग इंचांतलं माप असतो, फुलदाणीच्या बाबतीत बहुधा उंची. अस्सल वस्तूवरून साचा काढला की ओतलेली माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे 8 इंची फुलदाणीची नक्कल अर्धा इंच तरी कमी भरू शकते. उठावातल्या फुलांच्या पाकळ्यांच्या कडा बोथट आणि रंग गढूळ दिसले, तर संशय पक्का.

रूकवूडचा ठसा मात्र वाचायला शिकावा असाच आहे. सिनसिनाटीच्या या कारखान्याने 1886 मध्ये उलटा आर आणि पी जोडून चिन्ह केलं. 1887 पासून दरवर्षी त्यावर एक ज्वाला वाढत गेली आणि 1900 मध्ये त्या 14 झाल्या. 1901 पासून खाली रोमन आकडा येतो, म्हणजे 14 ज्वाला आणि XXVII असेल तर साल 1927. इथे फसगत होते ती वेगळ्याच X मुळे. ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा थर, कापून चाकाने घासलेला खरबरीत X हा साल सांगत नाही. तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला असतो. रोमन आकडा मातीत दाबलेला, ग्लेझखाली असतो. बोट फिरवलं की फरक कळतो.

“नाव नसेल तर नकली.” रोझव्हिलच्या फ्यूचुरा, सनफ्लॉवर, ब्लॅकबेरी या मालिकांतल्या बऱ्याच फुलदाण्यांवर फक्त चिकटवलेलं लेबल होतं. धुता-पुसता ते गेलं. तळाला खडूसारख्या लाल पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला तर घासून काढू नका. तो त्या आकाराचा क्रमांक असतो आणि ओळख पटवायला तोच कामी येतो.

“तडे म्हणजे वय.” भट्टीतून निघून थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणलं जाऊन तडकतं. हे पहिल्याच दिवशी होऊ शकतं, किंवा माती ओलावा शोषून फुगल्यावर काही वर्षांनी. चहाच्या पाण्यात बुडवून नवे तडेही तपकिरी करता येतात. खऱ्या तड्यांतले डाग काढायला ब्लीच वापरू नका: क्लोरीनचे क्षार सच्छिद्र मातीत शिरून स्फटिक बनतात आणि आतून ढकलून ग्लेझचे टवके उडवतात. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण सुकू द्या.