"५ दिवस सांगतात, ३ दिवसांत बुरशी" या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. जिवतीच्या शुक्रवारी नेलेल्या पुरणपोळीवर सोमवारी बुरशी दिसली म्हटल्यावर राग येणारच. पैसे परत देतो असं काउंटरवरच्या मुलीने तुम्हाला लगेच सांगितलं होतं, पण तुम्ही सगळ्यांसमोर तिला "तुम्ही लोक फसवता" म्हणालात आणि निघून गेलात. नवीन आहे ती, दिवसभर तोंड एवढंसं करून बसली होती. असो.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. रिव्ह्यूत वर लिहिलंय पाकिटावरचे ५ दिवस खोटे आहेत, आणि त्याच्याच खाली तुम्हीच लिहिलंय की शुक्रवारी नैवेद्याला पाकीट फोडून २ पोळ्या काढल्या आणि उरलेल्या ३ डब्यात ठेवल्या. अहो सर, ते ५ दिवस बंद पाकिटाचे आहेत! लेबलवर त्याच ओळीत पुढे छापलंय, "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा". अक्षर बारीक आहे, पण आहे.

असं का ते सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पोळ्यांच्या मध्ये जो पिवळसर कागद असतो ना, तुमच्या फोटोत ओट्यावर चुरगाळून पडलेला दिसतोय तोच, त्याला लवंग आणि दालचिनीच्या तेलाचा हात दिलेला असतो. लवंगेत युजेनॉल असतं, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, ते हळूहळू उडून पाकिटातल्या हवेत भरून राहतं आणि त्याने बुरशीच्या पेशींचं बाहेरचं आवरण कमकुवत होतं, मग ती वाढायला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणतेय मी, कायमची बंद होते असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही. पाकीट फोडलं की हे सगळं अत्तराची बाटली उघडी टाकल्यासारखं उडून जाणार, आणि तुम्ही तर कागदच काढून टाकलात, मग उरलं काय, पुरणाची ओल, श्रावणातली दमट हवा आणि घट्ट झाकणाचा डबा. त्यात पोळी तव्यावर गरम करून उरलेली तशीच डब्यात गेली असेल तर झाकणाला आतून पाणी सुटतं, बुरशीला अजून काय पाहिजे. आमच्याकडे पंख्याखाली पूर्ण गार झाल्याशिवाय पोळी पॅकच होत नाही, जाऊबाई पालथ्या हाताने एकेक पोळी चाचपून बघतात आणि जरा कोमट लागली की परत जाळीवर. सणाच्या दिवशी बाहेर रांग असली तरी.

"दाताच्या दवाखान्यासारखा वास" हे मात्र बरोबर ओळखलंत, डेंटिस्टकडे जो वास येतो तो युजेनॉलचाच असतो. तेल जास्त लावलं तर पोळी जास्त टिकते पण वेलची-जायफळाचा वास मरतो, कमी लावलं तर टिकत नाही, यातलं मधलं काहीतरी धरून आम्ही चालतो. पोळी जरा वेळ ताटात मोकळी ठेवून मग तूप सोडून गरम केली की वास बराच जातो.

"केमिकल मारून नॅचरल म्हणून विकतात" हे जास्त लागलं. पुरणात किंवा कणकेत टिकण्यासाठी आम्ही काहीही घालत नाही. ब्रेडच्या पाकिटावर बरेचदा २८२ लिहिलेलं असतं, ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लागू नये म्हणून घालतात, त्यालाही परवानगी आहे, मी नावं ठेवत नाही, पण मला माझ्या पोळीत ते नको होतं म्हणून तर हा कागदाचा खटाटोप. आपल्याकडे गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला आणि साखरेच्या डब्यात लवंगा टाकतातच की, त्याला कोणी केमिकल म्हणत नाही.

राहिला प्रश्न तुम्ही लिहिलेल्या १५ रुपये जास्तचा. साधा बटर पेपर बोहरी आळीत स्वस्तात मिळतो, ह्या कागदाला पैसे मोजावे लागतात, लवंगेचा भाव एकदा मार्केट यार्डात विचारून बघा. पेपरच्या रद्दीत गुंडाळून दिल्या असत्या तर फुकटात पडलं असतं, पण एफएसएसएआयच्या (अन्नाच्या सुरक्षेचं बघणारी सरकारी संस्था) २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत त्याला मनाई आहे, आणि शाई लागलेली पोळी मी स्वतःही खाणार नाही. साधं पाकीटही ठेवतो आम्ही, १५ रुपये कमी आणि २ दिवसांत संपवायचं. विचारलं असतं तर दिलं असतं.

गौरी-गणपतीच्या ऑर्डरी याच दिवसांत येतात सर, आणि लोक आधी स्टार बघतात. तुमचा फोटो आल्यापासून "बुरशीचं खरं आहे का" विचारायला फोन येतायत, नेहमीच्या गिऱ्हाइकांचेसुद्धा. घरातल्या बायकांनी उभं केलेलं दुकान आहे हे, मागे कोणी मोठी कंपनी नाही.

लेबलचं अक्षर मोठं करायचं बघतोय, पुढच्या छपाईला बहुतेक होईल. २ पोळ्यांचं छोटं पाकीटही डोक्यात आहे, बघू.

पैसे कधीही येऊन घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, फक्त त्या ३ दिवसांच्या आधी "पाकीट उघडल्यावर" एवढं टाका, प्लीज.