आपल्या बाजूची चूक

१६ एप्रिल २०२५ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय काढला आणि इथे, झुरिकजवळच्या विंटरटूरमध्ये, माझ्या फोनवर स्वित्झर्लंडचे दाखले येऊन आदळू लागले. त्या वादात दोन्ही बाजूंना हा देश साक्षीला हवा होता.

एका स्तंभलेखकाने लिहिलं, स्वित्झर्लंडमधलं प्रत्येक मूल चार भाषा शिकतं, मग आपल्या मुलांना तीन का जड व्हाव्यात? मी त्याच रात्री त्यांना सविस्तर लिहिलं. इथल्या राज्यघटनेत राष्ट्रीय भाषा चार आहेत हे खरं, पण शाळा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत चालते. झुरिकला जर्मन, जिनिव्हाला फ्रेंच, तिचिनोत इटालियन. रोमान्श बोलणारे तर लोकसंख्येच्या जेमतेम अर्धा टक्का, आणि ग्राउब्युंडेन या एका प्रांताबाहेर ती भाषा मुलांच्या कानावरही क्वचित पडते. त्यांचं उत्तर आलं नाही.

२९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वाद चालूच राहिला. पावसाळा सरता सरता एका वक्त्यांचा व्हिडिओ आला. हे माझ्या बाजूचे. पहिलीतल्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे माझंही ठाम मत आहे. ते म्हणाले, स्वित्झर्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपेपर्यंत मातृभाषेशिवाय काही शिकवतच नाहीत.

हे साफ चूक आहे. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. झुरिक कॅन्टनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, त्यात तिसरीपासून इंग्रजी आणि पाचवीपासून फ्रेंच. शिवाय इथल्या मुलांची घरची भाषा म्हणजे स्विस जर्मन बोली. वर्गातली प्रमाण जर्मन त्यांना वेगळी शिकावी लागते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी आठ दिवस गप्प बसले. मुद्दा तर बरोबर आहे ना, आत्ता बोललं तर समोरच्यांच्या हातात कोलीत मिळेल, अशी मनाची समजूत घालत राहिले.

मग कराडहून मामांचा फोन आला. मामा निवृत्त शिक्षक. "अगं, तू तिथंच राहतीस. खरं आहे का ते? रविवारी पालकांच्या सभेत बोलायचंय मला."

मामांना खरं सांगायला मला क्षणही लागला नाही. मग त्या वक्त्यांना का सांगितलं नाही, याची फोन ठेवायच्या आधीच लाज वाटली. परदेशात राहणाऱ्याच्या शब्दाला गावाकडे जरा जास्तच वजन असतं. म्हणून आमच्या गप्प बसण्यालाही असतं. 'तिथली माणसं काही बोलली नाहीत' म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालतात. गावाचं नाव चुकलं, एखादं साल चुकलं तर मी सोडून देते. पण ज्या विधानावर सहा वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक ठरणार, ते सोडता येत नाही. आणि त्यातही आपल्या बाजूचं आधी, कारण ऐकून घेण्याची शक्यता तिथेच जास्त. त्या वक्त्यांना मी लिहिलं. "आत्ताच हे कशाला?" म्हणून ते रागावले, पण पुढच्या भाषणात ते वाक्य नव्हतं.

मामा मात्र हिरमुसले. हातचा मुद्दा गेला होता. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की प्राथमिक वर्गांत दोन परक्या भाषा मुलांना झेपत नाहीत ही तक्रार इथेही आहे, आणि सप्टेंबरमध्येच झुरिकच्या कॅन्टन विधिमंडळाने फ्रेंच प्राथमिकमधून काढून माध्यमिक शाळेत न्यावी, असा कौल दिला. जी भाषा त्यांच्याच देशाची राष्ट्रीय भाषा आहे, तिच्याबद्दल.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"थांब, वही घेतो," मामा म्हणाले. "इंग्रजी तिसरीपासून, फ्रेंच पाचवीपासून. आणि तो ठराव नीट लिहून पाठव मला. कुणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे."