पॉइंट चार मिलिमीटरने काय होतं म्हणे!

"अहो, पॉइंट चार मिलिमीटरने काय होतंय? बसवा, चालून जाईल."

बेअरिंग विकणाऱ्याकडून फोनवर हे ऐकल्यापासून डोक्याची शीर ठणकतेय. चालून जाईल! कुठे चालून जाईल? रिमोटवर चालणाऱ्या गाडीच्या पॉइंट २१ च्या, म्हणजे ०.२१ घनइंचाच्या, नायट्रो इंजिनात?

मागितलं होतं क्रँकशाफ्टचं मागचं बेअरिंग. १४ बाय २५.४ बाय ६, म्हणजे आतून, बाहेरून आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. पाकिटावर हेच छापलंय, बिलावर हेच आहे, मेसेजमध्येही मी हेच लिहिलं होतं आणि समोरून "ओके सर" आलं होतं. क्रँककेस ओव्हनमध्ये तापवली, लाकडावर आपटली, जुनं बेअरिंग सुटून आलं. गरम केसमध्ये नवीन घातलं, ते आपोआप आत गेलं. जायलाच हवं, त्यासाठीच तर तापवायचं. पण केस थंड झाल्यावर ते घट्ट धरलं जायला हवं ना? केस उलटी केली तर टपकन फरशीवर! व्हर्निअर लावला. बाहेरून २५.०. छापलंय २५.४, आत २५. पाकिटावरचा आकडा खरा आहे की नाही हे मोजून बघायची पाळी गिऱ्हाइकावर का यावी?

आणि वर हे 'काय होतंय'. शंभर डिग्रीने तापवल्यावर त्या एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या भोकाला फुगून जास्तीत जास्त किती जागा मिळते? ०.०६ मिलिमीटर. अख्खी बैठक त्या सहा शतांशांत आहे आणि हा माणूस मला चाळीस शतांश चालवून घ्यायला सांगतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३०,००० च्या वर फिरतो हो! मागचा आधारच ढिला म्हटल्यावर शाफ्ट डोलणार, काउंटरवेट केसला घासणार, कनेक्टिंग रॉडचं खालचं बुश खाल्लं जाणार. रॉड तुटला की पिस्टन, स्लीव्ह, केस सगळं भंगारात. ते पैसे कोण देणार? "उघडलेलं पाकीट परत घेत नाही सर." म्हणजे न उघडता कळायला हवं होतं, आत काय आहे ते!

मग मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेलो. पुढचं बेअरिंग ७ बाय १९ बाय ६, म्हणजे साधं ६०७ नंबरचं, ते कुठल्याही दुकानात काउंटरवर येतं. मागचं मात्र आतून मिलिमीटरमध्ये आणि बाहेरून बरोब्बर एक इंच. ही खिचडी ज्याने पहिल्यांदा केली त्याला एकदा भेटायचंय मला. एका दुकानात म्हणे ६९०२ घ्या. ते १५ बाय २८ बाय ७! एका काकांनी मात्र जुनं बेअरिंग हातात घेतलं, मोजलं, आणि "नाही रे बाबा, हे आमच्याकडे नाही" म्हणून सांगितलं. एवढंच तर हवं असतं माणसाला. मोजा आणि खरं सांगा.

तसं हे सगळं ज्याच्यामुळे सुरू झालं त्यालाही सोडत नाही मी. इंजिन विकताना म्हणाला, "दोनच टाक्या जाळल्यात." उघडलं तर मागच्या बेअरिंगच्या गोळ्या तपकिरी. इंधनातलं मेथनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि गोळ्या गंजतात, हे नायट्रो चालवणाऱ्याला माहीत नसतं? गाडी ठेवताना आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तेलाचे, चार थेंब कार्ब्युरेटरमधून सोडायला काय जातं? त्यात बॅकप्लेटचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झाकणाचे, स्क्रू. अडीच एमएमच्या ॲलनमध्ये कोणीतरी ३/३२ इंचाची की घालून फिरवलीय. ती २.३८ एमएमची! चारही स्क्रूंची तोंडं गोल. एक ड्रिल करून काढावा लागला. पुन्हा तेच बघा, 'जवळपास बसतंय ना, मग घाला'.

आणि नवं इंजिन रुळवताना सल्ला देणारे! "पहिल्या टाक्या नुसत्या आयडलवर, थंड-थंड चालव." एबीसी स्लीव्ह (ॲल्युमिनियमच्या पिस्टनभोवतीची क्रोम चढवलेली पितळी नळी) वर निमुळती असते, इंजिन थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला आवळतो. अशा थंड इंजिनाला जबरदस्तीने फिरवत ठेवलं की नवा पिस्टन तिथेच झिजतो आणि रॉडवर ताण येतो तो वेगळा. हेड आधी हीट गनने तापवा, शंभर डिग्रीच्या आसपास ठेवा, मग हळूहळू इंधन कमी-जास्त करणारी निडल आवळा. हे सांगून सांगून घसा बसला माझा. त्यावर उत्तर काय येतं, तर "एवढी कटकट कशाला, इलेक्ट्रिक घे." का घेऊ? मला हा आवाज हवा आहे, तो धूर हवा आहे, जळक्या एरंडेलाचा वास हवा आहे. मला इंजिन खोलायचं आहे, जोडायचं आहे, आणि ते माझ्या हातांनी जोडलेलं इंजिन पहिल्या दोरीला पेटलेलं ऐकायचं आहे.

त्या विक्रेत्याचा आज पुन्हा फोन आला. शंभर रुपये परत देतो, विषय संपवू, म्हणाला. शंभर रुपये नकोत मला. मला १४ बाय २५.४ बाय ६ पाहिजे. पाकिटावर छापलंय तेच, पाकिटात.