"एकच वाघ दहादा मोजतात" म्हणे! व्याघ्रगणनेच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की देशात 3682 वाघ ही थाप आहे, कॅमेऱ्यासमोरून एकच वाघ दहादा गेला की दहा वाघ धरतात, उरलेले कॉम्प्युटरवर बनवतात, त्यापेक्षा जुनी पायाच्या ठशांची मोजणी खरी होती, आणि यांना स्वतःलाच नक्की आकडा माहीत नाही म्हणून "3167 ते 3925" असं काहीतरी सांगतात. चांगली जाणती माणसं पण हे पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकच वाघ दहादा मोजतात." अजिबात नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, एवढंच काय एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे पण जुळत नाहीत, म्हणून तर वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतात. 2022 च्या गणनेत 32,588 ठिकाणी कॅमेरे होते आणि वाघांचे फोटो आले 97,399. मेसेज खरा असता तर आकडा तिथेच लाखाच्या घरात गेला असता ना? सॉफ्टवेअरने पट्टे जुळवून, मग माणसांनी नजरेखालून घालून, वेगवेगळे वाघ निघाले 3080, ते पण एक वर्षाच्या आतली पिल्लं सोडून.

"उरलेले कॉम्प्युटरवर बनवतात." इथे जरा थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. समजा एका जंगलात पहिल्या फेरीत 20 वाघ फोटोत आले, दुसऱ्या फेरीत 25 आले, आणि त्या 25 मधले 10 आधीच्या यादीतलेच निघाले. म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या 20 पैकी निम्मेच दुसऱ्यांदा सापडले, तर दुसऱ्या फेरीत एकूण वाघांपैकीही साधारण निम्मेच सापडले असणार, म्हणजे 25 हे निम्मे आणि एकूण साधारण 50. फोटो आपल्याकडे 35 वाघांचेच आहेत, पण 15 कॅमेरा चुकवून गेलेत हे हिशोबच सांगतो. डेन्मार्कच्या पीटरसनने माशांसाठी आणि अमेरिकेच्या लिंकनने बदकांसाठी हेच गणित वापरलं, आणि 1990 च्या दशकात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात ते वाघांना लावलं. आता त्यात कुठला वाघ कुठल्या कॅमेऱ्यात आला तेही धरतात, कारण ज्याच्या इलाक्याच्या मधोमध कॅमेरा आहे तो जास्त वेळा येणार आणि कडेचा कमी, आणि काही वाघ मुळातच बुजरे असतात.

"जुनी ठशांची मोजणी खरी होती." राजस्थानातला सरिस्का व्याघ्र प्रकल्प आठवा. 2004 च्या मोजणीत कागदावर डझनाहून जास्त वाघ होते आणि 2005 मध्ये कळलं की एकही उरलेला नाही. त्याच वाघाचा पंजा मऊ मातीत वेगळा उमटतो, वाळूत वेगळा, आणि ठसा बघून कुठला वाघ ते सांगणं शेवटी त्या त्या माणसाच्या नजरेवर होतं. 2002 चा 3642 हा आकडा याच पद्धतीचा, आणि 2006 मध्ये नव्या पद्धतीने आले 1411. हे दोन आकडे शेजारी ठेवून "चार वर्षांत निम्म्याहून जास्त वाघ मेले" म्हणणंही तितकंच चुकीचं, मोजपट्टीच बदलली होती.

बुद्ध पौर्णिमेच्या मचाणावरच्या मोजणीचे आकडे पण काहीजण यात घुसडतात. एका रात्री पाणवठ्यावर काय दिसलं त्याची ती नोंद आहे, छान अनुभव आहे, पण त्यावरून जंगलातले एकूण वाघ निघत नाहीत, तोच वाघ रात्रीतून दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो.

"नक्की आकडा सांगत नाहीत." बरोबर आहे, आणि सांगूही नये! रानातल्या प्राण्याचा एकच ठाम आकडा कोणी देत असेल तर संशय तिथे घ्या. 3682 हा 3167 ते 3925 या टप्प्यातला सरासरी अंदाज आहे.

आता शंका घ्यायचीच तर योग्य ठिकाणी घ्या. जिथे कॅमेरे नव्हते तिथला आकडा ठसे, विष्ठा, भक्ष्य आणि जंगलाच्या प्रकारावरून काढतात, आणि या भागावर 2015 मध्ये शास्त्रज्ञांनीच शोधनिबंध लिहून जोरदार आक्षेप घेतलेत. त्या हिशोबामागचा कच्चा डेटा बाहेरच्या अभ्यासकांना तपासायला मोकळेपणाने मिळाला पाहिजे, आणि ही मागणी मी पण करतो.