सेफ्टी शूजची लोखंडी टोपी बोटं छाटते म्हणे! खुलासा

नाशिकच्या सातपूर-अंबड कारखाना भागातल्या ग्रुपवर परत ते फिरतंय, की सेफ्टी शूजमधली लोखंडी टोपी जड वस्तू पडली की वाकते आणि बोटंच छाटते, त्यापेक्षा साधा बूट बरा. असं काही नाहीये राव. बुटावर आयएसआय मार्क आणि आयएस 15298 भाग 2 (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) लिहिलंय का बघा, त्या टोपीची टेस्ट 200 जूलवर होते, म्हणजे साधारण 20 किलोचा तुकडा मीटरभर उंचीवरून सोडल्यासारखं. टोपी चेपेल एवढं वजन पडलंच तर साध्या बुटात बोटांचा चुराच झाला असता, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. याच मानकाच्या भाग 4 वाल्या बुटात मात्र टोपीच नसते, तेवढं तपासा.

बोटं दुखतात ही तक्रार खरी आहे, पण ती बहुतेक मापाची असते. संध्याकाळी पाय सुजलेले असतात, तेव्हाच घ्यायला जा, कामावरचेच जाड मोजे घालून, आणि दुकानात सरळ उकिडवं बसून बघा, टोपीची मागची कड बोटांवर रुतली तर तो जोड नकोच. "वापरून सैल होईल" म्हणतील, चामडं होतं हो, लोखंड कसं होणार? वजन जाणवत असेल तर फायबर टोपीवाला घ्या, भाग 2 चा असेल तर त्याचीही टेस्ट तीच. आणि टोपीवर एकदा जोरात काही पडलं की तो जोड बाद, वरून नवा दिसला तरी.