कॉगॅट म्हणजे चौथीची स्कॉलरशिप नव्हे

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की अमेरिकेतल्या आम्हा मराठी पालकांच्या भेटीगाठींत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांसाठीच्या, वर्गाच्या निवडीसाठी होणाऱ्या कॉगॅट या बौद्धिक क्षमता चाचणीची तयारी. ही चाचणी अनेक शालेय जिल्ह्यांत पहिली-दुसरीतच होते, म्हणजे ज्यांची तयारी करून घेण्याबद्दल आपण बोलत असतो ती मुले जेमतेम सहा-सात वर्षांची असतात. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा मी जे केले ते चुकीचे होते असे आज मला वाटते, आणि यंदा ज्यांची मुले या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहीत आहे.

आमची पिढी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत घडली. शाळेआधीचे जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीचे जाडजूड मार्गदर्शक, रविवारच्या सराव प्रश्नपत्रिका हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले होते, आणि त्या परीक्षेला ठरलेला अभ्यासक्रम असल्यामुळे सरावाने गुण वाढतही असत. मी तोच अनुभव जसाच्या तसा मुलीवर लादला. सराव संच मागवले, रात्रीच्या जेवणानंतर रोज वीस प्रश्न ठरवले आणि समोर घड्याळ लावले. दुसऱ्या आठवड्यात तिचे पोट दुखू लागले. आधी मला ते खाण्यातले काहीतरी वाटले, पण दुखणे नेमके जेवणानंतरच सुरू होत असे. एका रात्री पांघरुणात शिरताना तिने विचारले, "आई, मी हुशार नाही निघाले तर?" तो प्रश्न तिच्या मनात चाचणीने घातला नव्हता. तो माझ्या चेहऱ्यावरून तिने वाचला होता.

त्यानंतर ही चाचणी नेमकी काय आहे हे मी शांतपणे वाचून काढले, जे खरे तर आधी करायला हवे होते. तिचे शब्द, संख्या आणि आकृती असे तीन विभाग आहेत, आणि प्रत्येकात तीन प्रकारचे प्रश्न असतात. दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी बहुतेक सगळे चित्रांतून असते. सूचना शिक्षक वाचून दाखवतात आणि वर्ग त्यांच्या गतीने पुढे सरकतो. म्हणजे मी लावलेल्या घड्याळाचा काहीही संबंध नव्हता. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. निकालात मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. सरासरी 100 धरलेली असते आणि सुमारे दोन तृतीयांश मुले 84 ते 116 या पट्ट्यात येतात. त्यामुळे 112 गुण पाहून घरात सुतकी शांतता पसरावी असे त्यात काही नाही, आणि 85 पर्सेंटाइल म्हणजे 85 टक्के गुण नव्हेत, तर शंभरांतल्या सुमारे पंच्याऐंशी मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे असणे होय.

शिवाय या वयातले गुण स्थिर नसतात. कॉगॅटच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या डेव्हिड लोमन यांनीच 2006 मधील एका लेखात दाखवले होते की, एका वर्षी अगदी वरच्या टोकाला असलेल्या मुलांपैकी बरीच मुले पुढच्या वर्षांत तेथे राहत नाहीत. न्यूयॉर्क शहरात तर 2021 च्या आधी अनेक वर्षे चार वर्षांच्या मुलांचीच अशी चाचणी घेतली जात असे. ती बंद झाली हे मला योग्य वाटते.

मग काहीच करायचे नाही का? प्रश्नांचे स्वरूप मुलाला अनोळखी वाटू नये इतके जरूर करावे. प्रत्येक प्रकारचे दोन-तीन नमुने एखाद्या दुपारी मांडीवर बसवून सोबत पाहावेत आणि तेथेच थांबावे. काही प्रश्न अवघड असतील, ते सगळ्यांनाच अवघड जातील आणि तेव्हा अंदाजाने खूण केली तरी चालेल, हे मात्र मुलाला स्पष्ट सांगावे. चाचणी कशासाठी आहे हे लपवू नये. "तुला कशा प्रकारचे शिकायला आवडेल हे शाळेला पाहायचे आहे" एवढे सांगितले की मुलांचे समाधान होते. बक्षीस कबूल करू नये, कारण बक्षीस न मिळणे ही मुलाच्या लेखी शिक्षाच असते.

एका गोष्टीबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. शब्दांच्या विभागात गुण कमी पडतील या भीतीने काही घरांत मराठी बोलणे थांबवले जाते. आमच्याकडेही तो विचार झाला होता. पण चित्रांच्या गटात बसणारी वस्तू ओळखताना लागते ती वर्गीकरणाची समज, आणि ती पळी, झारा, उलथने यांतला फरक आजीकडून ऐकतानाही तितकीच पक्की होते. इंग्रजी शिकत असलेल्या लहान मुलांसाठी वाक्यपूर्तीचा भाग वगळून गुण काढण्याची सोयही या चाचणीत आहे. एका चाचणीसाठी मुलाची आजी-आजोबांशी असलेली भाषा तोडणे हा सौदा मला मान्य नाही.

मुलीचे गुण किती आले हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की बाकीचा मजकूर त्या आकड्याच्या चष्म्यातून वाचला जाईल. सराव संच मी त्या रात्रीनंतर उघडले नाहीत आणि तिचे पोट आठवडाभरात दुखायचे थांबले.

यंदा धाकटा दुसरीत आहे. त्याची चाचणी दिवाळीच्या आसपास आहे, आणि आम्ही आकाशकंदिलासाठी कागद आणून ठेवले आहेत. घडी घालून कात्री चालवली की उलगडल्यावर कोणती नक्षी निघेल, हे तो आधी सांगतो आणि मग उघडून पाहतो. कॉगॅटमध्ये कागदाच्या घडीचे प्रश्न असतात हे मला ठाऊक आहे; त्याला मी ते अजून सांगितलेले नाही.